रुंद चाकांचा मोह

(तृतीय वर्ष, कला)

कला शाखेच्या वार्षिकांकात मोटारीच्या चाकांवर लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. हा लेख चुकून अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या अंकातून इकडे आला की काय, अशी शंका आमच्या प्राध्यापकांनाही येईल. त्यातून लेखिका मुलगी! पण माझे म्हणणे असे की, ज्या वस्तूवर आपण रोज बसतो, जिच्या दिसण्यावरून महाविद्यालयाच्या आवारात तास तास वाद झडतात आणि जिच्यापायी कुणाचे ना कुणाचे हातपाय मोडतात, ती वस्तू केवळ यंत्रशास्त्राची मक्तेदारी असू शकत नाही. शिवाय रुंद चाकांचा प्रश्न हा मुळात सौंदर्याचा प्रश्न आहे. गाडी जमिनीलगत बसवावी आणि तिला रुंद चाके घालावीत, हा हट्ट प्रथम डोळ्यांचा असतो. गणित मागाहून येते, आणि बहुतेक वेळा येतच नाही.

या विषयाकडे मी वळले त्याला कारण माझा मावसभाऊ. दादा नोकरीनिमित्त इंग्लंडात असतो आणि गेली तीन वर्षे घरामागच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी मोटार बांधतो आहे. आपल्याकडे हे वाक्य ऐकून लोक हसतात. तिकडे मात्र ही जुनी आणि मान्य परंपरा आहे. सुट्या भागांच्या अशा गाडीला तिकडे 'किट कार' म्हणतात. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली 'लोटस सेव्हन' ही छोटी, उघडी, दोन माणसांची गाडी काढली. ती सुट्या भागांत विकत मिळे. तयार मोटारीवर त्या काळी खरेदी कर असे. भाग घेऊन स्वतः जोडणाऱ्याला तो भरावा लागत नसे. मात्र जोडणीच्या सूचना सोबत दिल्या तर ही सवलत जाई, म्हणून गाडी 'कशी सोडवावी' याच्या सूचना दिल्या जात आणि गिऱ्हाईक त्या उलट्या क्रमाने वाचत असे, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, त्या काळच्या उत्साहाची कल्पना तीवरून येते. १ एप्रिल १९७३ पासून तिकडे मूल्यवर्धित कर आला, ही सवलत संपली आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेले. पण घरी गाडी बांधण्याची हौस संपली नाही. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी याचे पुस्तक लिहिले. चौकोनी पोलादी नळ्यांचा सांगाडा घरी वेल्ड करायचा आणि एखाद्या जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन, मागचा अ‍ॅक्सल, चाके त्यात बसवायची, अशी ती पद्धत. दादाची गाडी याच कुळातली आहे.

गाडी बांधून झाली, चालू लागली आणि मग दादाला मोह झाला. त्याने गाडी आणखी चाळीस मिलिमीटर खाली बसवली आणि साडेपाच इंची रिमच्या जागी सात इंची रिम व त्यावर रुंद टायर घालायचे ठरवले. फोटो पाठवून त्याने मला विचारले, "कशी दिसेल?" मी म्हटले, "दिसेल छान. चालेल कशी?" तेव्हापासून आमचा वाद सुरू आहे. हा लेख म्हणजे त्या वादातली माझी बाजू. मी हे कुठल्या आधारावर बोलते असे कुणी विचारील, म्हणून सांगते की माझ्या मामांचे कोल्हापूरला उद्यमनगरात गॅरेज आहे आणि शाळेपासूनच्या माझ्या उन्हाळी सुट्ट्या तिथे ग्रीसच्या वासात गेल्या आहेत.

प्रथम सौंदर्याची बाजू प्रामाणिकपणे मांडते. उंच पायांवर उभी असलेली अरुंद चाकांची गाडी बिचारी दिसते, यात शंका नाही. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली मोठी पोकळी डोळ्याला खुपते. गाडी खाली आली की ती पोकळी मिटते. चाक रुंद झाले की गाडीने जमिनीवर पाय रोवल्यासारखे वाटते. दबा धरून बसलेल्या चित्त्याचा भास होतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. डोळ्याला जे हवे ते मागण्याचा त्याला हक्क आहे.

पण आपण साहित्यशास्त्राचे विद्यार्थी आहोत. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चा' लिहून काव्याचा प्राण औचित्यात असल्याचे मांडले, हे आपण परीक्षेपुरते पाठ करतो. अलंकार सुंदर असतो तो योग्य जागी असतो म्हणून; भलत्या जागी घातलेला दागिना हसे करून घेतो. हे तत्त्व केवळ उपमा-उत्प्रेक्षांना लागू आणि चाकांना नाही, असे क्षेमेंद्राने कुठे म्हटले आहे? रुंद चाक हा जर अलंकार असेल, तर तो कोणत्या गाडीला, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या कारणासाठी, हे विचारणे म्हणजे औचित्यविचारच होय.

आता थोडे गणित. घाबरू नका, ते आठवीच्या पातळीचे आहे. टायरच्या अंगावर १७५/७० आर १३ असे काहीतरी लिहिलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा किती, हे सांगतो. शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत देतो. तेव्हा १७५ चे सत्तर टक्के म्हणजे साडेबावीसशे दशांश नव्हे, तर सुमारे १२२ मिलिमीटर. अशा वरच्या आणि खालच्या दोन भिंती आणि मध्ये तेरा इंचांचे म्हणजे ३३० मिलिमीटरचे रिम. एकूण चाकाची उंची झाली ५७५ मिलिमीटर. दादाने निवडलेला टायर २०५/६० आर १३. त्याची उंची येते ५७६. म्हणजे उंची जवळजवळ तीच राहिली, वेगमापक खोटे बोलणार नाही, गिअरचे प्रमाण बिघडणार नाही. इथपर्यंत दादाने हिशेब चोख केला होता, हे मान्य करायला हवे. रुंदी वाढवताना भिंतीची टक्केवारी त्या प्रमाणात कमी करायची, हा नियमच आहे.

अडचण रुंदीच्या दिशेने सुरू होते. टायरवर छापलेली रुंदी एका ठरावीक रिमवर मोजलेली असते. रिम अर्ध्या इंचाने वाढले की टायरही सुमारे पाच मिलिमीटर फुगतो. त्या हिशेबाने जुना टायर त्याच्या रिमवर साधारण १८० आणि नवा टायर सात इंची रिमवर साधारण २१५ मिलिमीटर भरतो. फरक झाला पस्तीस, म्हणजे आत सतरा-अठरा आणि बाहेर सतरा-अठरा. पण हेही तेव्हाच, जेव्हा चाकाचा 'ऑफसेट' तोच राहील. चाक ज्या पृष्ठाने हबला टेकते ते पृष्ठ रिमच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे, त्या अंतराला ऑफसेट म्हणतात. तो दहा मिलिमीटरने कमी केला तर सगळे चाक दहा मिलिमीटर बाहेर सरकते: आत सात-आठ मिलिमीटरच वाढ होते, बाहेर मात्र सत्तावीस-अठ्ठावीस. आतली सांगाड्याची नळी वाचवायला जावे तर बाहेर मडगार्डची कड घासते. कड वाचवायला जावे तर नळी. किट कारमध्ये हे सगळे बोटाबोटाच्या अंतरात चालते, कारण तिचा सांगाडा मुळी अरुंद चाकांच्या मापाने आखलेला असतो.

आणि ही मापे गाडी उभी असतानाची. गाडी चालू लागली की चाक वरखाली होते. मागे एकसंध अ‍ॅक्सल असेल आणि एकच चाक उंचवट्यावर चढले, तर सगळा अ‍ॅक्सल कलतो आणि वर चढलेल्या चाकाचा माथा आत झुकतो. तो अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून एका बाजूला सांगाड्याला आणि दुसऱ्या बाजूला अ‍ॅक्सलला जोडलेली एक दांडी असते. दांडीचे टोक वर्तुळाच्या कमानीत फिरते, त्यामुळे गाडी खाली बसवली की अख्खा अ‍ॅक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. म्हणजे ज्या बाजूला आधीच जागा कमी, त्या बाजूला ती आणखी कमी होऊ शकते. दांडीची लांबी पुन्हा जुळवून घ्यावी लागते. खाली बसवणे आणि रुंद करणे, ही दोन कामे स्वतंत्र नाहीत, हे इथे ध्यानात येते. एकाने जागा खायची आणि दुसऱ्याने जागा मागायची, असा तो संसार आहे.

पुढच्या चाकांची कथा वेगळी. दादाच्या गाडीला पुढे सायकलसारखी चाकाबरोबर वळणारी मडगार्डे आहेत, म्हणून तिथे घासण्याचा प्रश्न कमी. पण चाक बाहेर सरकले की दुसरा प्रश्न उभा राहतो. पुढचे चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळते तो अक्ष खाली वाढवला तर जमिनीला एका बिंदूत टेकतो. टायर जमिनीला जिथे टेकतो त्याचा मध्य या बिंदूपासून जितका दूर, तितका रस्त्याचा प्रत्येक धक्का स्टिअरिंगमधून हाताला जाणवतो. चाक बाहेर काढणे म्हणजे ही तरफ लांब करणे. एका चाकाखाली खड्डा आला की स्टिअरिंग हातातून हिसका मारते. हबच्या बेअरिंगवरही तीच तरफ भार टाकते. शिवाय गाडी खाली बसवल्यामुळे स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बदलतात आणि उंचवट्यावर चाक आपले आपण थोडे वळू लागते. चालक सरळ धरतो आणि गाडी तिरकी जाते.

"पण पकड तर वाढेल ना?" हा दादाचा मुख्य मुद्दा. रुंद टायर म्हणजे जास्त रबर जमिनीवर, म्हणजे जास्त पकड, असे आपल्याला सहज वाटते. इथे गंमत आहे. टायरच्या आतल्या हवेचा दाब गाडीचे वजन पेलतो. चाकावर दीडशे किलो वजन असेल आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सव्वा किलो असेल, तर जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ ढोबळमानाने १२० चौरस सेंटिमीटर. टायर अरुंद असो वा रुंद, वजन आणि दाब तेच असतील तर क्षेत्रफळही जवळपास तेच! बदलतो तो आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड. आडव्या ठशाचा वळणावर फायदा होतो, उष्णता जास्त रबरात वाटली जाते, हे खरे आहे आणि शर्यतीत त्याला मोल आहे. पण शर्यतीचा टायर तापल्यावर काम करतो. सहाशे किलोच्या आतबाहेरची हलकी गाडी साध्या रस्त्यावर इतका रुंद टायर तापवूच शकत नाही. आपल्याकडे १९८३ ते २०१४ एवढा काळ निघालेली मारुती ८०० ही साधारण साडेसहाशे किलोची गाडी १४५ मिलिमीटरच्या टायरांवर भारतभर फिरली. तिच्याहून फार जड नसलेल्या गाडीला २०५ चे टायर म्हणजे सडपातळ माणसाने पैलवानाचे जोडे घालावेत तसे होते.

मग पाऊस. ओल्या रस्त्यावर टायरला पुढचे पाणी बाजूला सारावे लागते. ते वेळेत सारले गेले नाही तर टायर पाण्यावर तरंगतो, आणि तरंगणाऱ्या टायरला ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही सारखेच निरर्थक. १९६० च्या दशकात अमेरिकेतील नासा संस्थेने विमानांच्या टायरांवर प्रयोग करून एक ढोबळ नियम काढला: तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्या नियमाने ३० पौंड दाबाला हा वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास येतो, १८ पौंडांना तो ७० वर उतरतो. हलक्या किट कारमध्ये हवा कमीच ठेवतात. त्यात टायर रुंद केला म्हणजे सारावयाचे पाणीही वाढले. ज्या देशात बारा महिने पाऊस भुरभुरतो तिथे हा सौदा कसला? आणि आपल्या जुलै महिन्यात तर तो कसला?

कुणी म्हणेल, म्हणजे रुंद चाके सर्वत्र वाईटच का? मुळीच नाही. कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स यांनी १९६४ साली फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रावर 'मायर्स मँक्स' नावाची फायबरग्लासची बग्गी काढली. हीही किट कारच. तिला मागे रुंद टायर असत, कारण ती समुद्रकाठच्या वाळूत चालायची होती. वाळूत अरुंद चाक रुतते. रुंद, मऊ हवेचे चाक वर राहते. १९६७ साली मायर्स आणि टेड मँगल्स यांनी या गाडीतून मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पाची लांबी ३५ तासांच्या आत पार केली आणि त्याआधीचा मोटारसायकलींचा विक्रम मोडला. तिथे रुंदीला कारण होते आणि म्हणूनच ती शोभली. पुढे त्या बग्गीच्या असंख्य नकला निघाल्या आणि ज्यांनी आयुष्यात वाळू पाहिली नाही त्यांनीही डांबरी रस्त्यावर तसली चाके मिरवली. अलंकार तोच, औचित्य मात्र मागे वाळूत राहिले.

दादाची बाजू दडपून टाकणे योग्य होणार नाही. तो म्हणतो, "तू सगळे तोट्याच्या वहीत मांडतेस. माणूस केवळ उपयोगासाठी गाडी बांधत नाही. उपयोगच हवा असता तर बसने गेलो असतो. मला ती सुंदर हवी आहे." हा युक्तिवाद मला निरुत्तर करतो, निदान अर्धा. कारण मीही कविता उपयोगासाठी वाचत नाही. परंतु कविता फसली तर वाचक पान उलटतो. गाडी फसली तर रस्त्याच्या कडेने शाळेत जाणारे पोर चिरडते. सौंदर्याची हौस करणाऱ्याने तिची किंमत स्वतः मोजावी, दुसऱ्याच्या जिवावर नाही, एवढाच माझा आग्रह आहे.

आणि इथेच मला तिकडच्या व्यवस्थेचे कौतुक वाटते. ब्रिटनमध्ये १९९८ पासून घरी बांधलेल्या एकेका मोटारीची स्वतंत्र तपासणी होते. २००९ पासून तिचे नवे रूप लागू आहे. त्या तपासणीत उतरल्याशिवाय अशा गाडीची नोंदणी होत नाही. तपासनीस गाडीभोवती फिरून पाहतो: टायर मडगार्डखाली नीट झाकला आहे का, की बाहेर डोकावतो? धारदार कडा आहेत का? वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपले आपण सरळ होते का? टायर कुठे घासतो का? पुढे गाडी जुनी झाली की वार्षिक तपासणी असतेच. कुणी लोहार, कुणी शिक्षक, कुणी निवृत्त पोस्टमन असा कुणीही माणूस आपल्या हातची गाडी घेऊन येतो आणि सरकार त्याला 'तू कोण?' असे न विचारता 'गाडी सुरक्षित आहे का?' एवढेच विचारते. दादा बदल करायच्या आधी स्प्रिंगा काढून, जॅकने चाक पार वरपर्यंत उचलून, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, मधल्या फटीत मातीचे गोळे चिकटवून किती चेपतात ते मोजतो आहे. सध्या त्याचे मत १८५ च्या टायरांपर्यंत खाली आले आहे. हे माझ्या युक्तिवादामुळे झाले असे मी म्हणत नाही. मातीच्या गोळ्यांनी त्याला पटवले.

आता आपल्या आवाराकडे वळू. आपल्याकडे किट कार नाहीत, पण मोह तोच आहे. मोटारसायकलला मागे दुप्पट रुंदीचा टायर, जुन्या मारुतीच्या स्प्रिंगा ग्राइंडरने कापून ती जमिनीला टेकवलेली, चाक बाहेर काढण्यासाठी मध्ये घातलेल्या चकत्या. कापलेली स्प्रिंग आखूड होते तशी ताठही होते, आणि चाक खड्ड्यात लोंबले की ती आपल्या बैठकीतून सुटू शकते. चकती घातली की बोल्टला नटाचे आटे कमी मिळतात, आणि लांब बोल्ट घालायचे पैसे मात्र वाचवले जातात. मामांच्या गॅरेजमध्ये असे एक वाहन आले की मामा फक्त एवढेच म्हणतात, "पोरी, चाक फिरतंय तोवर सगळं झकास. निसटल्यावर कोण बघायचं?" काम करून देणारा दुकानदार बिल देत नाही, कारण तो काम केल्याचे मान्यच करत नाही.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या एका प्रकरणात हे बंधन स्पष्टपणे उचलून धरले. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षाही ठेवली. गॅसवर चालवण्याचे मान्यताप्राप्त किट किंवा अपंग व्यक्तीसाठी केलेले बदल यांना वाट आहे. म्हणजे तपासून मान्यता देण्याचे तत्त्व आपल्या कायद्याला अपरिचित नाही. परंतु एखाद्या मुलाने स्वतः गाडी बांधली आणि 'तपासा' म्हणून तो कचेरीत गेला, तर त्याच्यासाठी सरळ, परवडणारी खिडकी आपल्याकडे नाही.

माझा मुख्य मुद्दा हा आहे. बंदी आवश्यक होती असे मानले तरी केवळ बंदीने काय साधले? रुंद चाके गेली नाहीत, ती चोरवाटेने आली. ज्याला शिकायचे होते तो शिकला नाही, ज्याला मिरवायचे होते तो मिरवतोच आहे. जबाबदारीने करणारा आणि बेजबाबदारपणे करणारा, दोघेही कायद्यापुढे सारखेच गुन्हेगार ठरले की जबाबदारीला किंमत उरत नाही. पुण्याला १९६६ पासून 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था आहे. मध्य प्रदेशात पीथमपूरला अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या बग्ग्यांची 'बाहा' स्पर्धा २००७ पासून खेळत आले आहेत. म्हणजे तपासणारे आहेत, बांधणारेही आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या वस्त्यांत हातांत कसब आहे, ते तर पिढ्यान्‌पिढ्या आहे. नाही ती या दोहोंना जोडणारी वाट. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षातून काही दिवस एकेका वाहनाची तपासणी, ठरलेले शुल्क, छापील निकष, आणि उत्तीर्ण बदलाची नोंदणीपत्रात नोंद. ही मागणी अवाजवी आहे का?

विरुद्ध बाजूचे उत्तर मला ठाऊक आहे: आपल्याकडे तपासणी म्हणजे चिरीमिरी, साध्या परवान्याला जिथे दलाल लागतो तिथे चाकाची मापे कोण मोजणार? हा आक्षेप खोटा नाही. पण चिरीमिरी आजही आहेच, फक्त ती बंदी चुकवण्यासाठी चौकात दिली जाते. निकष छापलेले असतील, मोजपट्टीने पडताळता येतील असे असतील, तर निदान वाद तरी मिलिमीटरवर होईल, साहेबांच्या मर्जीवर होणार नाही. आणि तपासणीच्या धाकाने का होईना, आमची मुले ऑफसेट म्हणजे काय हे शिकतील.

तोपर्यंत माझी मित्रमैत्रिणींना विनंती आहे. सार्वजनिक रस्त्यावर चालवायच्या गाडीच्या स्प्रिंगा कापू नका, चकत्या घालू नका. कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेल्या मापांपलीकडचा टायर घेऊ नका. हे मी केवळ कायद्याच्या भीतीने सांगत नाही. ज्या बदलाचा हिशेब आपल्याला मांडता येत नाही, तो बदल आपला नव्हेच. तो दुकानदाराचा आहे, आपण फक्त पैसे दिले आणि जीव लावला. ज्यांना खरोखर हौस आहे त्यांनी एखाद्या सुट्टीत गॅरेजमध्ये जाऊन हात काळे करावेत. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी तर अवश्य. आकृतिबंध आणि आशय यांचे नाते आपण चार वर्षे फळ्यावर शिकतो. ते चाकात जितक्या रोकठोकपणे दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

या मतांशी सर्व वाचक सहमत होतील अशी अपेक्षा नाही, विशेषतः सायकल स्टँडवरील मंडळी. त्यांनी आपली बाजू मांडावी. आमच्या वादविवाद मंडळाने येत्या वर्षी 'वाहनातील बदलांवर बंदी असावी की तपासणी असावी?' हा विषय घ्यावा, अशी सूचना मी या अंकाद्वारे करते. विरुद्ध बाजूने बोलायला दादा इंग्लंडाहून यायला तयार आहे. फक्त विमानाचे भाडे मंडळाने द्यावे, असे त्याचे म्हणणे आहे.